तुम्ही भाडेकरू नाही: विद्यापीठाजवळ फ्लॅट घेताना नक्की कशावर सही करता?

जून उजाडला की औंध, पाषाण, गोखलेनगर, मॉडेल कॉलनी या भागांत विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या लागतात. ‘कॉट बेसिसवर जागा, फक्त मुलींसाठी.’ ‘२ बीएचके, फॅमिली किंवा वर्किंग, विद्यार्थ्यांनी फोन करू नये.’ गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर चांगला ४११ एकरांचा आहे, पण वसतिगृहाची खोली सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग उरलेले दलालाच्या स्कूटरमागे फिरतात.

यंदा त्यांत माझी भाची होती. लातूरची, एमएस्सीला आलेली, सोबत दोन मैत्रिणी. मालकाला ‘कुणीतरी मोठं माणूस’ हवं होतं म्हणून मी गेलो. पाषाण रस्त्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये एजंटानं लॅपटॉप उघडला, कॅमेऱ्यासमोर एकेकीचा फोटो काढला, अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. अंगठा टेकवता टेकवता भाची पडद्यावर वाचत होती. म्हणाली, “मामा, यात मला लायसन्सी का म्हटलंय? लायसन्स कसलं? मी भाडेकरू ना?”

एजंट हसला आणि म्हणाला, “तसंच असतं ते, मॅडम.” तसंच का असतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

बोलताना आपण भाडं, भाडेकरू, भाडेकरार म्हणतो. पण पुण्या-मुंबईत विद्यार्थी ज्या कागदावर सही करतात तो बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो, म्हणजे परवानगीचा करार. भाडेपट्ट्यानं भाडेकरूला जागेत एक हक्क मिळतो. परवान्यानं हक्क मिळत नाही, मुभा मिळते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५२ साधारण असं सांगतं की, परवानगी नसती तर जे करणं बेकायदा ठरलं असतं ते दुसऱ्याच्या जागेत करण्याची मुभा म्हणजे परवाना. जागेत कुठलाही हितसंबंध त्यातून निर्माण होत नाही.

भाचीला मी शेताचं उदाहरण दिलं. एखाद्याला शेत कसायला दिलं तर कूळ लागण्याची भीती, म्हणून तिचे आजोबा दोनदा विचार करायचे. पण धनगराला वावरात चार रात्री मेंढ्या बसवू द्यायला त्यांनी कधी विचार केला नाही. वावर तेच, पण कूळ जमिनीला चिकटतं आणि मेंढपाळ ठरल्या दिवशी उठून जातो. म्हटलं, “कायद्याच्या नजरेत तू कूळ नाहीस, तू मेंढपाळ.” तिला ते फारसं आवडलं नाही, पण समजलं.

मालकांना हा मेंढपाळ एवढा प्रिय का, याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्यानं घेता येणारं कमाल भाडं, ठरवायचं ते १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला धरून. शनिवार-नारायण पेठेतल्या वाड्यांत दोन-तीन पिढ्या दहा-बारा रुपयांत राहिलेल्या घरांच्या गोष्टी पुणेकरांना पाठ आहेत. वाडा पडायला आला तरी मालकाच्या हाती काही नसे, कारण डागडुजीला पैसा यायचा कुठून? मग मालकांनी परवान्याची पळवाट शोधली. पण १९७३ मध्ये कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू मानलं गेलं. त्या दणक्याची धास्ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. ‘कुलूप लावून ठेवू, पण देणार नाही’ ही वृत्ती हवेतून आलेली नव्हती.

आजचा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यानं परवान्याला सरळ जागा करून दिली. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि जागा ताब्यात मिळेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो. दुप्पट हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. मुदत संपली म्हणून मालकानं कुलूप बदलावं, सामान जिन्यात ठेवावं, हा कायद्याचा रस्ता नव्हे. त्यालाही अर्जच करावा लागतो.

आता अकरा महिन्यांचं गूढ. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झालं,’ हे वाक्य तुम्ही दलालाकडून, मालकाकडून, कदाचित स्वतःच्या काकांकडूनही ऐकलं असेल. ते आलंय १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोकांनी अकरा महिने ही सोय काढली. बाकी राज्यांचं काय ते त्यांचं त्यांना, महाराष्ट्रात ही सोय चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की परवान्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने की तेहतीस, असा भेद त्यात नाही. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी होत नाही.

याच कलमातला सगळ्यात गमतीचा भाग विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदवलेला करार नसताना वाद झाला, तर राहणारा ज्या अटी सांगेल त्या ग्राह्य धरल्या जातात. उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे ‘कशाला उगाच खर्च’ म्हणणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत असतो. तरीही तुम्ही नोंदणीचा आग्रह धरा. कोर्टात कुणाचं म्हणणं चालेल हा नंतरचा प्रश्न, पण बँकेत पत्ता बदलायला, गॅसच्या जोडणीला, सोसायटीच्या फाटकावर उभं राहायला तोच कागद लागतो.

खर्च किती? परवान्याच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, पण ते नुसत्या भाड्यावर नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम दिली असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून काढलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. समजा तिघींच्या फ्लॅटचं भाडं महिना २७ हजार, डिपॉझिट ८० हजार, मुदत अकरा महिने. भाडं झालं २ लाख ९७ हजार. डिपॉझिटवरचं कल्पित व्याज ७ हजार ३३३. बेरीज ३ लाख ४ हजार ३३३, त्याचे पाव टक्का म्हणजे साधारण ७६१ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००, ग्रामीण भागात ५००. मिळून पावणेदोन हजारांच्या घरात, म्हणजे माणशी सहाशेच्या आत. शिवाय थोडं दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या एजंटाची फी. याच व्यवहारात दलाल एका महिन्याचं भाडं म्हणून २७ हजार घेऊन जातो, आणि त्याबद्दल कुणी ‘उगाच खर्च’ म्हणत नाही! (सरकार डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरतं, पण तुम्हाला ते परत मिळतं बिनव्याजी. हिशेबातला हा विनोद मला दरवेळी आवडतो.)

हे शुल्क कुणी भरायचं ते करारात ठरतं. निम्मं-निम्मं करण्याची पद्धत पुण्यात सर्रास आहे, तेव्हा आधी तीच मागावी. नोंदणी आता घरबसल्या होते. आधारचा अंगठा, कॅमेऱ्यातला फोटो, ओळख पटवणारे दोन साक्षीदार. मालक एका ठिकाणी आणि मुली दुसऱ्या ठिकाणी असल्या तरी वेगवेगळ्या वेळी अंगठे देता येतात. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, त्यांनी मंजूर केला की नोंदणी क्रमांकासह प्रत मिळते. ‘अंगठा झाला’ म्हणजे नोंदणी झाली नव्हे. क्रमांक हातात येईपर्यंत एजंटाला फोन करत राहायचं.

मग मालक टाळाटाळ का करतात? काहींना उत्पन्न दाखवायचं नसतं, हे उघड आहे. पुण्यात आणखी एक कारण आहे. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर दुसऱ्याला दिलं की सवलतीवर पाणी. भाचीला दाखवलेल्या पहिल्या फ्लॅटचा मालक म्हणाला, “पाहुणे म्हणून राहा ना, कागद कशाला?” आम्ही चहा पिऊन निघालो. दर महिन्याला २७ हजार देणारे पाहुणे मला तरी माहीत नाहीत.

करारातली कलमं सगळी सारखी महत्त्वाची नसतात. दहा पानं वाचायचा कंटाळा येतोच. म्हणून आधी पैशाची कलमं शोधा.

पहिलं लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येणार नाही असा ठरवून दिलेला सुरुवातीचा काळ. त्या काळात जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागण्याचा हक्क मालकाला मिळेल, असं कलम बऱ्याच छापील मसुद्यांत असतं. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि दुसऱ्याच महिन्यात वसतिगृहात नंबर लागला तर चार महिन्यांचं भाडं अंगावर. विद्यार्थ्यांनी हे कलम काढायला सांगावं. नाहीच काढलं तर ते दोन-तीन महिन्यांवर आणावं. आणि ते दोघांना लागू आहे का ते पाहावं. कित्येक मसुद्यांत राहणारा बांधलेला असतो, मालक मात्र महिनाभराच्या नोटिशीवर मोकळा. त्यानंतरचा नोटीस पीरियड एक महिना ठीक आहे.

दुसरं डिपॉझिट. पुण्यात विद्यापीठाच्या आसपास दोन-तीन महिन्यांचं भाडं मागतात. याला महाराष्ट्राच्या कायद्यात कमाल मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये आणलेला आदर्श भाडेकरू कायदा घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवतो, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. इथे १९९९ चाच कायदा चालतो. म्हणून डिपॉझिट केव्हा परत, हे कागदावर हवं. ‘जागा सोडल्यावर’ असं मोघम नको, ‘चावी दिल्या दिवशी’ किंवा ‘सात दिवसांत’ असं. देताना रोख देऊ नका. खात्यातून खात्यात द्या आणि ती नोंद करारातही यायला हवी.

आणि रंगाचे पैसे. ‘सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ ही ओळ दिसली की थांबा. अकरा महिने राहून भिंत जेवढी मळते तेवढी मळणारच, त्याला वापर म्हणतात. खिळे ठोकून पोपडे काढले तर ते नुकसान. दोन्हींत फरक आहे आणि तो करारात लिहून घेता येतो. मी स्वतः विद्यार्थी असताना एका मालकानं माझं निम्मं डिपॉझिट एका फुटक्या बेसिनपायी ठेवून घेतलं. ते मी येण्याआधीच फुटलेलं होतं, पण माझ्याकडे पुरावा काय? आता फोन आहे. आत जायच्या दिवशी, सामान लावण्यापूर्वी, सगळ्या भिंती, नळ, गिझर, पंखे, कपाटाची दारं आणि विजेच्या मीटरवरचा आकडा यांचं चित्रण करा आणि त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यानं ‘ओके’ म्हटलं की अर्धी लढाई तिथेच संपते.

यापुढचा भाग मात्र मुलं नेहमी विसरतात. तिघींनी मिळून फ्लॅट घेतला की बहुतेक मसुद्यांत तिघी मिळून एक ‘परवानाधारक’ असतात. भाडं तिघींचं मिळून एक. एक जण तीन महिन्यांनी निघून गेली तर मालक ‘दोन तृतीयांश द्या’ म्हणत नाही, तो २७ हजारच मागतो. आणि तिच्या जागी चौथी आली तर तिचं नाव कागदावर नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ती तिथे कुणीच नाही. सोसायटीच्या रखवालदारानं अडवलं तर दाखवायला काही नाही, डिपॉझिटवर हक्क सांगायलाही नाही. शिवाय जाणारी म्हणते माझा वाटा दे, मालक म्हणतो मुदत संपल्यावर बघू, मग येणारीचे पैसे जाणारीला द्यायचे, असा तिढा सुरू होतो. मैत्रिणी असल्या तरी हे आपसांत लिहून ठेवावं. साध्या कागदावर, कुणी किती डिपॉझिट घातलं, मधेच सोडलं तर पर्यायी मुलगी कुणी शोधायची, तोवरचं भाडं कुणाचं. बदल झालाच तर मालकाला सांगून नवा करार करावा. कटकट आहे, पण डिपॉझिटपायी तुटलेल्या मैत्र्या मी पाहिल्यात.

सोसायटीचं प्रकरण मालकाचं आहे, तरी झळ तुम्हाला लागते. घर दुसऱ्याला दिलं की सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. शासनाच्या २००१ च्या आदेशानं ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘विद्यार्थी ठेवले म्हणून दुप्पट मेंटेनन्स’ असं कुणी सांगितलं तर मालकाला हा आदेश दाखवायला सांगा. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, हेही पहिल्याच भेटीत विचारा, कारण जाहिरातीतला आकडा नेहमी ‘सोडून’ असतो. पोलिसांना राहणाऱ्याची माहिती देणं मालकाचं काम, हल्ली ते ऑनलाइन होतं. त्याची प्रत सोसायटीला लागते, एक आपल्याकडे ठेवावी. सोबत परदेशी विद्यार्थी असेल तर मालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी फॉर्म भरून कळवावी लागते.

पाणी विचारा. बाणेर-बालेवाडीकडे नवे टॉवर चकचकीत आहेत, पण कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. त्याचा खर्च कुणाच्या माथी, ते मे महिन्यात कळण्यापेक्षा जूनमध्ये कळलेलं बरं.

मालक खरा आहे का, हे तपासायला लाजू नका. फ्लॅटची सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, ‘इंडेक्स टू’), मिळकतकराची पावती, लाइट बिल, तिन्हींवर नाव तेच हवं. मालक अमेरिकेत आणि व्यवहार मेहुणा बघतो, हे पुण्यात रोजचं चित्र आहे, त्यात वावगं काही नाही. फक्त मेहुण्याकडे मुखत्यारपत्र हवं. ऑनलाइन जाहिरातीतला ‘बदली झालेला लष्करी अधिकारी’ फ्लॅट न दाखवताच टोकन मागत असेल आणि ‘पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला.

भाचीच्या करारात शेवटी अडलं ते तारखेवर. एजंटानं सवयीनं १ जुलै ते ३१ मे टाकलं होतं. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “परीक्षा लांबल्या तर मी जूनमध्ये इथेच असेन.” म्हणजे ऐन परीक्षेत एक तर नवा करार, नवी नोंदणी आणि कदाचित दलालाचं ‘रिन्यूअल’, नाही तर मुदतीबाहेर राहणं आणि डोक्यावर ते दुप्पट दराचं कलम. एमएस्सी दोन वर्षांची, मग करार अकरा महिन्यांचा का? मुद्रांकाचा हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. चोवीस महिने धरले तर मुद्रांक १,६६० रुपये होतो, आणि नोंदणीचे हजार रुपये एकदाच. दुसऱ्या वर्षी भाडं पाच टक्के वाढवायचं ठरलं तर मुद्रांक थोडा वाढेल, एवढंच. दोन महिन्यांच्या लॉक-इननंतर महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडायची मुभा आम्ही लिहून घेतलीच होती, त्यामुळे लांब मुदतीत तिला धोका नव्हता.

मालक जरा बिचकले. “पण करार अकरा महिन्यांचाच असतो ना?”

एजंटानं माझ्याकडे पाहिलं, मी भाचीकडे. तिनं कलम ५५ पासून सुरुवात केली.